लॅबव्ह्यू : चित्ररूप आज्ञावलीची सुलभता आणि मापनाचा क्रम

नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८६ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी लॅबव्ह्यू ही प्रणाली प्रथम उपलब्ध करून दिली. आज्ञांच्या ओळी लिहिण्याऐवजी चौकटी मांडून त्या तारांनी जोडणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. परिपथाच्या आकृत्या वाचण्याची सवय असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती सहज आपलीशी वाटते.

तथापि हे साम्य फसवेही आहे. लॅबव्ह्यूमध्ये सर्व आदाने मिळाल्यावरच चौकट कार्यान्वित होते. पडद्यावरील डावे-उजवे स्थान क्रम ठरवीत नाही. मल्टिमीटरची रेंज ठरविणारी चौकट आणि वाचन घेणारी चौकट यांत तार नसेल, तर वाचन आधी घेतले जाऊ शकते. आकृती नीटनेटकी दिसते, आकडाही उमटतो. परंतु तो चुकीच्या रेंजवरील असू शकतो. त्रुटिसूचक तार पहिल्या चौकटीतून दुसरीत नेल्यास हा क्रम निश्चित होतो. ती केवळ त्रुटी कळविण्यासाठी असते असे शिकविल्यास तिचे हे कार्य दुर्लक्षित राहते.

म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत आकृती चालते की नाही एवढेच न पाहता, कोणती चौकट आधी चालेल व का, हेही विद्यार्थ्यास विचारले जावे. त्याशिवाय त्याच्या मापनावर विश्वास ठेवता येणार नाही.