पेपर वाचताना: लाइव्ह व्हिडिओ आणि सरासरीचा सापळा

संस्थेच्या आतल्या लाइव्ह व्हिडिओसाठी किती बँडविड्थ लागेल, हा माझ्या संशोधनातला एक प्रश्न. त्यासाठी वाचलेला एक जुना, पण अजूनही उपयोगी पेपर आज बघू. व्हेलोसो, अल्मेडा, मेइरा, बेस्टाव्हरोस आणि जिन यांनी २००२ साली ब्राझीलमधल्या एका रिअ‍ॅलिटी शोच्या थेट प्रक्षेपणाच्या २८ दिवसांच्या सर्व्हर-नोंदी तपासल्या होत्या.

पेपरची ताकद एका निरीक्षणात आहे. साठवलेला व्हिडिओ कधी बघायचा हे प्रेक्षक ठरवतो. लाइव्हमध्ये ते कार्यक्रम ठरवतो. आपल्याकडचंच बघा. अंबाबाईच्या देवळात एरवी लोक आपापल्या सवडीनं येतात. किरणोत्सवाला मात्र वेळ सूर्य ठरवतो आणि गर्दी त्याच काही मिनिटांसाठी जमते.

आता मतभेद. लेखक प्रेक्षकांचं येणं पॉयसाँ प्रक्रियेनं मांडतात, दर फक्त वेळेनुसार बदलत जातो. हौसेनं बघणाऱ्या प्रेक्षकांना हे चालतं. पण पॉयसाँ मानतो की एकाचं येणं दुसऱ्यावर अवलंबून नाही. ‘सकाळी ११ वाजता सर्वांनी जोडून घ्यावे’ अशी नोटीस निघाली की हे गृहीतकच मोडतं.

मी नेमकं इथंच फसलो. दुसऱ्या प्रकरणात हिशोब केला होता: ६०० जण, कार्यक्रम दोन तासांचा, प्रत्येकजण सरासरी अर्धा तास बघणार. म्हणजे एका वेळी सरासरी १५०. प्रत्येकी ३ एमबीपीएस धरून ४५० एमबीपीएस. लाइन १ जीबीपीएसची, म्हणजे निम्म्याहून जास्त मोकळी! सरांनी ‘सरासरी’ या शब्दाभोवती पेन्सिलनं गोल केला आणि विचारलं, “उद्घाटनाला किती जण असतील?” सगळे ६००. म्हणजे १८०० एमबीपीएस. अख्खं प्रकरण परत लिहिलं.

गंमत म्हणजे अशा वेळी व्हिडिओ बंद पडेलच असं नाही. प्लेअर आपोआप कमी दर्जाचा प्रवाह मागतो. चित्र धूसर होतं, स्लाइडवरची अक्षरं वाचता येत नाहीत. पण सर्व्हरच्या नोंदीत ६०० जण ‘जोडलेले’ दिसतात. पेपरची दुसरी मर्यादा हीच: मोजमाप सर्व्हरपाशी आहे. संस्थेच्या लाइनवर किंवा हॉलमधल्या वाय-फायवर काय अडलं, ते तिथून नीट कळत नाही.

मग उपाय? संस्थेच्या आत कॅशे सर्व्हर ठेवला तर बाहेरून प्रत्येक दर्जाची जवळपास एकच प्रत येते. बाहेरची लाइन सुटते, पण अडचण वाय-फायवर सरकते. मल्टिकास्ट वापरावं तर वाय-फायवर ते सहसा कमी वेगानं जातं आणि हरवलेलं पॅकेट परत पाठवलं जात नाही. म्हणून हिशोब एका आकड्यात संपत नाही. बाहेरची लाइन, आतली केबल, वाय-फाय, प्रत्येक टप्प्याची कमाल वेगळी काढावी लागते.

पेपर टाकाऊ आहे असं मुळीच नाही. त्याचं मॉडेल न तपासता उचललं, ही चूक माझी. पीएच.डी.ची तयारी करत असाल तर कुठलंही मॉडेल घेण्याआधी वहीत तीन प्रश्न लिहा: डेटा कोणाचा? मोजला कुठे? आणि ते लोक तिथे स्वतःहून आले होते की बोलावल्यामुळे? तिसरा प्रश्न मी विचारला नव्हता.