जातिस्वभाव आणि रणनीती : ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मधील कल्पितप्राणी

प्राणिपात्रांचा विचार तौलनिक साहित्याभ्यासात प्रामुख्याने कथेच्या अंगाने झाला आहे. पंचतंत्र, जातककथा, इसापच्या नावावर चालत आलेल्या कथा आणि त्यांची पहलवी-अरबी मार्गाने झालेली भ्रमंती हा या अभ्यासाचा जुना व समृद्ध प्रांत होय. या प्रांतातील प्राणी बोलतो आणि बोलतो म्हणूनच पात्र ठरतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये व्हिडिओ गेमच्या माध्यमातून प्राणिपात्रांची जी नवी प्रजा जन्मास आली ती मात्र जवळजवळ मुकी आहे. त्यांतील बहुतेक जीव फार तर स्वतःचे नाव उच्चारतात. त्यांचे वजन, त्यांची गती, त्यांची झेप आणि त्यांचा प्रहार हीच त्यांची भाषा. अशा मुक्या पात्राचा स्वभाव नेमका कोठे वसतो, आणि ते पात्र आपल्या मूळ संहितेतून उचलून परक्या संहितेत नेले असता त्या स्वभावाचे काय होते, हा प्रश्न वस्तुतः भाषांतरमीमांसेचा आहे. निन्टेंडोची ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ ही मालिका या प्रश्नाची उत्तम प्रयोगभूमी ठरते, कारण निरनिराळ्या खेळांतील पात्रांना एका रिंगणात आणून लढविणे हाच तिचा रूपबंध आहे. या पात्रांना ‘प्राणी’ म्हणावे तर ती निसर्गात नाहीत आणि ‘राक्षस’ म्हणावे तर त्यांत क्रौर्य नाही. म्हणून येथे ‘कल्पितप्राणी’ ही संज्ञा योजली आहे.

मालिकेचा पहिला खेळ २१ जानेवारी १९९९ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. हॅल लॅबोरेटरी या संस्थेतील मासाहिरो साकुराई यांनी त्याचे दिग्दर्शन केले. आरंभीच्या कच्च्या आराखड्यात सातोरु इवाता यांनी प्रोग्रॅमिंगची बाजू सांभाळली होती आणि त्या आराखड्यातील योद्धे चेहराविहीन होते. घरी खेळावयाच्या खेळात एकदम डझनभर अनोळखी पात्रे प्रेक्षकाच्या मनात रुजविणे कठीण, या विचाराने निन्टेंडोची प्रस्थापित पात्रे त्या देहांवर चढविण्यात आली. म्हणजे रणनीतीचा सांगाडा आधी आणि पात्र नंतर, असा हा निर्मितिक्रम आहे. पहिल्या खेळातील बारा पात्रांपैकी डाँकी काँग, योशी, किर्बी, फॉक्स, पिकाचू व जिगलीपफ ही सहा, म्हणजे निम्मी, मानवेतर होती. यांतील शेवटची दोन ‘पोकेमॉन’ या १९९६ च्या खेळातून आली.

‘पोकेमॉन’ची मूळ संहिता आणि ‘स्मॅश’ची संहिता यांतील भेद प्रथम स्पष्ट करावयास हवा. मूळ खेळात लढत पाळीपाळीने होते. प्रशिक्षक विचार करतो, आज्ञा देतो आणि प्राणी ती पार पाडतो. अग्नीवर जल, जलावर वनस्पती, वनस्पतीवर अग्नी अशा गुणधर्मांच्या परस्परबाधक कोष्टकावर तेथील नीती उभी आहे. प्राणबळ आकड्यांत असते, ते घटत जाऊन शून्यावर आले की प्राणी मूर्च्छित होतो. ‘स्मॅश’मध्ये यांतले जवळजवळ काहीच उरत नाही. पाळी नाही, विचारास उसंत नाही. शिवाय येथे घाव घटत नाहीत, साचतात. प्रत्येक प्रहारागणिक पात्राची टक्केवारी चढते आणि टक्केवारी जितकी अधिक तितके ते पुढच्या फटक्याने दूर फेकले जाते. पराभव म्हणजे मैदानाच्या सीमेबाहेर भिरकावले जाणे. जखमेमुळे देह जणू हलका होत जातो, अशी ही विलक्षण कल्पना आहे. तिच्यामुळे लढतीचे केंद्र मैदानाच्या मध्यावरून कडेवर सरकते. फेकलेला प्रतिस्पर्धी हवेतून परत येऊ पाहतो आणि दुसरा त्याची वाट अडवितो. खेळाडू ज्याला ‘एजगार्डिंग’ म्हणतात त्या या डावपेचात प्राण्याचा देह खऱ्या अर्थाने कसास लागतो. कोण किती जड, कोण किती वेळ तरंगतो, कोणाची झेप कोठवर पोहोचते हे तेथे ठरते.

जिगलीपफचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. मूळ खेळात हा ‘फुगा’ या जातीचा गोल, गुलाबी जीव. गाऊन इतरांना निजविणे ही त्याची ओळख, आणि लढाईच्या दृष्टीने तो फारसा महत्त्वाचा नाही. ‘स्मॅश’मध्ये त्याचा प्रवेश काहीसा सोयीपोटी झाला. किर्बीचा देह तयार होता आणि जिगलीपफ त्याच्यासारखाच वाटोळा होता. मात्र सोयीतून आलेल्या या पात्राला जी नीती लाभली ती मूळ संहितेचे अत्यंत सूक्ष्म वाचन दर्शविते. फुगा आहे म्हणून तो मालिकेतील अत्यंत हलक्या योद्ध्यांपैकी एक, एका बऱ्या फटक्यात उडणारा. फुगा आहे म्हणूनच तो हवेत पुन्हा पुन्हा उसळी घेऊ शकतो आणि इतरांना जेथून परतणे अशक्य तेथवर पाठलाग करू शकतो. सर्व पात्रांच्या रक्षणार्थ असलेली ढाल जिगलीपफच्या बाबतीत फुटली, तर इतर पात्रे केवळ भोवंडतात, हा मात्र फुग्यासारखा सरळ आकाशात निघून जातो. एकच जातिवाचक शब्द, आणि त्यातून बळ व मर्म ही दोन्ही निष्पन्न झाली आहेत.

याहून अर्थपूर्ण आहे ती ‘रेस्ट’ म्हणजे विश्रांतीची विद्या. मूळ खेळात ‘रेस्ट’ वापरणारा प्राणी निद्रिस्त होतो आणि त्या मोबदल्यात त्याचे प्राणबळ भरून येते. तेथे ही विद्या बचावाची आहे. ‘स्मॅश’च्या आरंभीच्या खेळांत निद्रा तीच राहिली पण फळ उलटले. झोपी जाण्याच्या नेमक्या क्षणी जिगलीपफचा देह प्रतिस्पर्ध्याच्या देहाला भिडलेला असेल तर प्रतिस्पर्धी प्रचंड वेगाने फेकला जातो. नेम चुकला तर जिगलीपफ शत्रूसमोर सुमारे चार सेकंद गाढ झोपलेला राहतो, आणि या खेळात चार सेकंद म्हणजे मरणाला भरपूर अवधी. शब्द तोच ठेवून अन्वयच पालटणारे असे भाषांतर साहित्यातही विरळा आढळते. त्यात विनोद आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या विनोदामागे एक कठोर हिशेब आहे. बचाव आणि आक्रमण, जागृती आणि निद्रा, स्पर्श आणि मृत्यू ही सारी अंतरे एका क्षणात मिटविणारी ही चाल खेळाडूकडून संपूर्ण आत्मसमर्पण मागते.

पिचू आणि लुकारियो यांच्याकडे पाहिले असता भाषांतराच्या दोन भिन्न रीती दिसतात. पिकाचूचे बालरूप असलेला पिचू वीज नीट साठवू शकत नाही आणि स्वतःच भाजून घेतो, असे मूळ संहितेत वर्णन आहे. २००१ च्या ‘मेली’ या खेळात ते वर्णन शब्दशः अमलात आणले गेले : विजेचा प्रत्येक प्रहार पिचूच्या स्वतःच्या टक्केवारीत भर घालतो. लुकारियोची गोष्ट वेगळी. २००८ च्या ‘ब्रॉल’मध्ये त्याला जो गुण मिळाला, म्हणजे घाव वाढतील तसे त्याच्या प्रहाराचे बळ वाढणे, त्याला मूळ खेळात थेट आधार नाही. इतरांचे प्राणतेज जाणणारा एवढीच त्याची ख्याती होती. तिला घायाळ वीराच्या आदिबंधाशी जोडून निर्मात्यांनी स्वतंत्र अर्थ रचला. परिणामी लुकारियोचा खेळाडू आपल्या पात्राला जखमी पण जिवंत ठेवण्याच्या, पराभवाच्या कडेवर रेंगाळण्याच्या नीतीकडे ओढला जातो. दोन्ही भाषांतरे आपापल्या जागी यशस्वी असली तरी लुकारियोचे अधिक सकस मानावे लागेल. पिचूचे वैशिष्ट्य केवळ त्याच्या मार्गातील अडथळा आहे, लुकारियोचे मात्र लढतीच्या काळालाच नवा आकार देते.

येथे पंचतंत्राचे स्मरण उपयुक्त ठरते. ‘काकोलूकीय’ या तंत्रात कावळे आणि घुबडे यांच्या वैराची कथा आहे. मंत्री स्थिरजीवी शत्रूच्या दुर्गात शरणागत म्हणून शिरतो आणि अखेर दिवसा आंधळ्या असणाऱ्या घुबडांना गुहेत कोंडून जाळण्याची व्यवस्था करतो. डावाचा शेवट घुबडाच्या जातिस्वभावावर, त्याच्या दिवांधत्वावर बेतलेला आहे. तथापि संधी, विग्रह, यान इत्यादी सहा गुणांची चर्चा मंत्री मानवी वाणीनेच करतात. तेथे देह नीतीला निमित्त पुरवितो आणि नीती स्वतः वाणीत राहते. ‘स्मॅश’मध्ये वाणी संपूर्ण गळून पडते. या मूक परंपरेचा जपानी पूर्वज शोधावयाचा तर क्योटोच्या कोझान-जी मठाच्या मालकीच्या, बाराव्या-तेराव्या शतकांतील ‘चोजू-गिगा’ या चित्रपटांकडे वळावे लागते. त्यांतील पहिल्या पटात बेडूक आणि ससे कुस्ती खेळतात, बेडूक सशाचा कान चावतो आणि त्याला उताणा पाडतो. चित्राशेजारी मजकूर नाही. थेट प्रभावाचा दावा करण्याचे कारण नाही. मात्र लढणाऱ्या प्राण्याला बोध न चिकटविता केवळ त्याच्या पवित्र्यांतून व्यक्ती म्हणून पाहण्याची सवय जपानी दृश्यपरंपरेत जुनी आहे, एवढे निश्चित म्हणता येते. २०१४ मध्ये मालिकेत आलेला ग्रेनिन्जा हा निन्जारूपी बेडूक पाहताना तो पट आठवल्यावाचून राहत नाही.

पोकेमॉन ‘स्मॅश’मध्ये येताना सर्वांत मोठी गोष्ट मागे टाकतो ती म्हणजे त्याचा मालक. आज्ञा देणारा प्रशिक्षक नाहीसा होतो आणि प्राणी स्वतःच लढाईचा कर्ता होतो. या बदलाचा विपर्यास म्हणावा असा एक प्रसंग पहिल्या खेळापासून घडत आला आहे. मैदानात पडणाऱ्या वस्तूंमध्ये पोकेमॉनला बंदिस्त ठेवणारा गोळाही असतो आणि तो कोणीही उचलून फेकू शकतो. पिकाचूसुद्धा. दूरचित्रवाणी मालिकेत ज्या पिकाचूने गोळ्यात शिरण्यास नकार दिला तोच येथे दुसऱ्या पोकेमॉनला गोळ्यातून बाहेर काढून लढावयास लावतो! स्पर्धात्मक खेळात मात्र दैवाचा भाग नको म्हणून अशा वस्तू बंद ठेवल्या जातात आणि हा अर्थगर्भ विनोदही त्यांच्याबरोबर बाद होतो. स्पर्धेच्या शुद्धतेची ही किंमत अभ्यासकांनी अद्याप पुरेशी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

निर्मात्यांना या अनुपस्थितीची जाणीव असावी. ‘ब्रॉल’मध्ये त्यांनी ‘पोकेमॉन ट्रेनर’ हे संयुक्त पात्र आणले. प्रशिक्षक मुलगा पार्श्वभूमीवर उभा राहतो, त्याला कोणी मारू शकत नाही, आणि पुढे स्क्वर्टल, आयव्हीसॉर व चारिझार्ड हे तीन जीव आळीपाळीने लढतात. फार वेळ लढविलेला प्राणी थकून दुबळा होत असे, एक पडला की पुढचा आपोआप येत असे, आणि अग्नी-जल-वनस्पतींचे कोष्टकही अंशतः लागू होते. खेळाडूला प्राण्याच्या देहाबरोबर त्याच्या श्रमाचाही हिशेब ठेवावा लागे. ज्याला एकट्या चारिझार्डवर प्रभुत्व मिळवावयाचे होते त्याला हे ओझे वाटले. २०१४ च्या खेळात प्रशिक्षक वगळला गेला आणि चारिझार्ड एकटा उभा राहिला. २०१८ च्या ‘अल्टिमेट’मध्ये प्रशिक्षक परतला, पण थकवा गेला आणि कोष्टकही गेले. आता अदलाबदल ही निखळ सोय आहे. संकटात सापडलेला प्राणी क्षणार्धात दुसऱ्याला जागा देतो आणि कुशल खेळाडू या बदलातूनच नवे डाव रचतो. खेळ म्हणून ही आवृत्ती सरस ठरली, यात शंका नाही. संहिता म्हणून मात्र २००८ ची रचना अधिक प्रामाणिक होती. मालकीमध्ये प्राण्याच्या थकव्याची जबाबदारी येते ही गोष्ट केवळ तिनेच खेळाच्या नियमात आणली होती.

संहितेच्या स्थैर्याचा मुद्दाही येथेच येतो. ‘अल्टिमेट’मध्ये पिचू इतका प्रबळ ठरला की २०१९ मध्ये निर्मात्यांना सुधारित आवृत्तीद्वारे त्याचे बळ कमी करावे लागले. जातिस्वभाव येथे प्रकाशनोत्तर दुरुस्तीचा विषय झाला. ‘मेली’ला असे भाग्य, किंवा दुर्भाग्य, लाभले नाही. तिचे नियम प्रसिद्धीनंतर खेळाडूंच्या हाती जसे आले तसेच राहिले आणि बदलले ते वाचन. आरंभी दुय्यम गणला गेलेला जिगलीपफ खेळाडूंच्या दीर्घ सरावातून श्रेष्ठ पात्रांच्या पंक्तीत जाऊन बसला. २०१६ च्या ‘ईव्हो’ स्पर्धेत ‘हंग्रीबॉक्स’ या नावाने खेळणाऱ्या अमेरिकन खेळाडूने याच पात्राच्या बळावर विजेतेपद मिळविले. पात्रांच्या श्रेणी लावणाऱ्या ज्या याद्या खेळाडू करतात त्या एका परीने टीकापरंपराच होत. संहितेत एक अक्षरही न बदलता तिच्यातील गौण पात्र शतकांनी प्रमुख ठरावे, असे महाभारताच्या वाचकांना नवे नाही. येथे ते दीडेक दशकात घडले, इतकेच.

राहता राहिला हात. पहिल्या खेळाच्या आरंभीच्या चित्रफितीत एक पांढरा हातमोजा पेटीतून बाहुल्या काढून मेजावर मांडतो, आणि मेजाचे रणांगण होते. एकट्याने खेळावयाच्या भागात सर्व प्रतिस्पर्ध्यांना जिंकल्यावर अखेरची लढत याच ‘मास्टर हँड’शी असते. प्रशिक्षकावाचून लढणारा पिकाचू शेवटी ज्याच्याशी झुंजतो तो त्याला पेटीतून काढणारा हात आहे. त्या लढतीत मात्र निराळा नियम आहे : हाताला टक्केवारी नाही, त्याचे प्राणबळ जुन्या पद्धतीने आकड्यांत असते आणि शून्याकडे उतरत जाते.