‘स्मृतिचित्रे’तील हसू

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे कौतुक करताना पुष्कळ रसिक त्यांच्या स्वभावाकडे बोट दाखवितात. बाई मूळच्याच भोळ्या व विनोदी. म्हणून दुःखातही त्यांना हसू सुचले, असा या कौतुकाचा मथितार्थ. दुसरा वर्ग भाविकांचा. त्यांच्या मते ख्रिस्ती श्रद्धा लाभली आणि दुःख विरघळून गेले. माझ्या मते हे दोन्ही अभिप्राय ग्रंथाला न्याय देत नाहीत. पहिल्याने बाईंची कमाई स्वभावाच्या खात्यावर जमा होते. दुसऱ्याने त्यांचे दुःखच लटके ठरते.

वस्तुस्थिती काय आहे? लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. बालपणी वडिलांच्या सोवळ्याचा जाच. लहान वयात विवाह. पती प्रतिभावंत खरे, परंतु घर सोडून केव्हा निघून जातील याचा नेम नाही आणि हाती आलेला पैसा टिकण्याची आशा नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लहानग्या दत्तूसह लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांना दुरावल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. यांतले काहीही ग्रंथात झाकलेले नाही. पतीचा तापटपणा आणि बेफिकिरी, आप्तांचे टोमणे, स्वतःचा हट्टसुद्धा त्यांनी जसाच्या तसा मांडला आहे.

ग्रंथाचा पहिला भाग निघाला १९३४ साली. टिळकांना जाऊन तोवर पंधरा वर्षे लोटली होती. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते; त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आईला आरोपपत्र लिहिता आले असते, किंवा स्तोत्रही रचता आले असते. त्यांनी दोन्ही टाळले. शिवाय, धर्मांतरापूर्वीच्या दिवसांवरही तेच हसू पसरलेले आहे. अर्थात ते त्या वेळच्या पोरसवदा मुलीचे हसू नसून, मागे वळून पाहणाऱ्या साठी उलटलेल्या स्त्रीचे आहे. ते विचारपूर्वक स्वीकारलेले आहे.

कायद्यात निर्दोष सुटका आणि क्षमा या भिन्न गोष्टी आहेत. सुटका म्हणते, गुन्हा शाबीत झाला नाही. क्षमेला आधी गुन्हा शाबीत व्हावा लागतो. लक्ष्मीबाई पतीला निर्दोष सोडीत नाहीत. त्या सारा पुरावा मांडतात आणि मग क्षमा करतात. त्यांची कृतज्ञता त्यानंतरची आहे. ख्रिस्ती परंपरेतील आनंदाची मूळ शिकवणही अशीच आहे. पौलाने फिलिप्पैकरांस आनंद करण्याविषयी पत्र लिहिले ते बंदिवासातून. त्या पत्रात तो आपल्या बेड्यांचा उल्लेख वारंवार करतो. त्यांना अलंकार म्हणत नाही.

हा तोल सर्वत्र साधला आहे असे मात्र नाही. काही प्रसंगी विनोद इतक्या लगबगीने येतो की, वाचकाला दुःखापाशी क्षणभर थांबावेसे वाटते आणि लेखिका त्याला पुढे ओढून नेते. ही उणीव लहान असली, तरी मान्य केली पाहिजे.

या भेदाचा आग्रह मी धरतो त्याला कारण आहे. घरगुती तंट्यांत तडजोड चालू असता, पत्नीला काय सोसावे लागले हे कोणी विचारण्यापूर्वीच, “झाले गेले विसर, देवाचे आभार मान” असा उपदेश तिला होताना मी अनेकदा ऐकला आहे. अशा वेळी कृतज्ञता हा सद्गुण राहत नाही. तोंड बंद करण्याचे ते साधन होते. उपदेश करणाऱ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ अवश्य वाचावीत. आपली सारी हकीकत सांगून झाल्यावर जी स्त्री हसते, तिच्या हसण्याला मोल आहे. ते तिच्याकडून मागून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.