बालवाङ्मय आणि स्वप्रकाशन : 'पीटर रॅबिट'ची खाजगी आवृत्ती

लेखकाने स्वखर्चाने काढलेल्या बालपुस्तकाकडे टीकाकार कौतुकाने पाहतात, गांभीर्याने क्वचितच. बिअॅट्रिक्स पॉटर हिच्या 'द टेल ऑफ पीटर रॅबिट'चे उदाहरण अशा वेळी हटकून पुढे येते : प्रकाशकांनी नाकारले, लेखिकेने स्वतः छापले, पुढे कीर्ती लाभली. हकीकत खरी आहे. तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घ्यावयास हवा.

मूळ कथा ४ सप्टेंबर १८९३ रोजी नोएल मूर या आजारी मुलास लिहिलेल्या सचित्र पत्रात आढळते. श्रोता एकच व तोही ओळखीचा. त्यामुळे वाक्ये आखूड आणि स्वर बोलण्याचा. डिसेंबर १९०१ मध्ये निघालेल्या २५० प्रतींच्या खाजगी आवृत्तीने हे पत्रपण जपले. मुलाच्या हातात मावेल असा आकार, चित्रासमोर मोजकी वाक्ये आणि रंगीत केवळ मुखचित्र; बाकी चित्रे काळ्या रेषांची, कारण पुस्तक स्वस्त राहावे असा लेखिकेचा आग्रह होता. याच सुमारास कॅनन रॉन्स्ली या स्नेह्याने ती कथा पद्यात बांधून फ्रेडरिक वॉर्न कंपनीकडे पाठविली होती. कंपनीने पद्य नाकारून गद्यच मागितले, हे तिच्या जाणकारीचे लक्षण मानले पाहिजे. सशाचा बाप 'पाय'मध्ये (pie) घातला गेला ही वार्ता आई ज्या सुरात सांगते, त्याच सुरात ती बाजारहाटास निघते. कथेची सारी धार या सपाट स्वरात आहे. पद्याने तेथे नको तो आघात दिला असता.

आता पैशाची बाजू. फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २०० खाजगी प्रती निघाल्या. उलट वॉर्नची रंगीत आवृत्ती ऑक्टोबर १९०२ मध्ये ८००० प्रतींची निघाली आणि वर्षअखेरीस ही संख्या २८००० वर गेली. अर्थप्राप्ती झाली ती या दुसऱ्या मार्गाने. शिवाय लेखिका लंडनमधील सधन पित्याच्या घरी राहत होती. तिची चूल पुस्तकाच्या खपावर पेटत नव्हती. मुद्रणालयाचे बिल पगारातून भागविणाऱ्या शिक्षकापुढे हे उदाहरण ठेवताना एवढे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

मग समाधान कोणते? ते 'द टेलर ऑफ ग्लॉस्टर'वरून अधिक स्पष्ट होते. प्रकाशक लाभल्यावरही लेखिकेने डिसेंबर १९०२ मध्ये हे पुस्तक ५०० प्रतींत स्वतःच छापले. त्यातील जुनी बडबडगीते प्रकाशक कमी करील अशी तिला शंका होती, आणि १९०३ च्या आवृत्तीत ती खरी ठरली. वाङ्मयीन दृष्टीने पाहता कात्री योग्यच होती; गीतांच्या गर्दीत आजारी शिंप्याची कथा खोळंबते. तरीही आपल्या मनातील पुस्तक एकदा जसेच्या तसे हाती यावे, ही इच्छा पोरकट म्हणता येत नाही. संपादकाचा निर्णय बरोबर होता हे आज ठरविता येते, तेदेखील ते पुस्तक उपलब्ध आहे म्हणूनच.

पुढे हा हक्क तिने प्रकाशकाच्या छत्राखालीही गाजविला. १९०९ च्या 'फ्लॉप्सी बनीज'च्या आरंभीच सॅलडची पाने अति खाण्याच्या परिणामासाठी तिने 'सोपोरिफिक' हा भारदस्त लॅटिनोद्भव शब्द योजला. मराठी अनुवादकाने येथे 'झोप आणणारा' असे लिहिल्यास अर्थ पोचेल, पण मोठा शब्द तोंडात घोळविण्याची मुलाची मौज जाईल. 'निद्राजनक' हाच शब्द तेथे हवा.