हजेरीपासून दाखल्यापर्यंत

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. रिक्षावाल्याला सांगावयाचा तो एक पत्ता आहे. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या अर्जांवर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे मी दरवर्षी वाचतो. यातले ‘फ्री’ कशापासून, असे विचारले तर काही पोरे हसतात, काही खाली बघतात. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. कुंपणातून गिरणीत जायचे, गिरणीतून कुंपणात यायचे आणि हजेरी द्यायची. १८७१ साली झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत पोचला, १९२४ साली तो नव्याने बांधून घट्ट केला गेला, आणि या जमातींचे मूल जन्मताच संशयिताच्या जागी उभे राहिले.

भटक्या-विमुक्तांची आत्मकथने वाचताना ही हजेरीची वही शेजारी उघडी ठेवावयास हवी, असे माझे म्हणणे आहे. आपण ती तशी वाचत नाही. भुकेची, चोरीची, पालावरच्या चालीरीतींची पुस्तके म्हणून आपण ती वाचतो आणि ‘दाहक अनुभव’ असा शेरा मारून पुढे जातो. त्यांतली भूक खरीच आहे. परंतु भूक दलित वाङ्मयात सर्वत्र आहे. विमुक्तांच्या लेखनाचे वेगळेपण तिच्यात नाही. ते कागदाशी असलेल्या त्यांच्या वैरात आहे. ज्या राज्यसंस्थेने या माणसांची रोज नोंद घेतली, तीच आता त्यांना विचारते आहे की, तुम्ही येथे होता याला पुरावा काय?

परदेशातून आलेल्या माणसाची गोष्ट घ्या. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार तो अर्ज करतो, ठरलेली वर्षे येथे राहिल्याचे दाखवतो, निष्ठेची शपथ घेतो आणि प्रमाणपत्र मिळाल्याच्या तारखेपासून या देशाचा नागरिक होतो. प्रमाणपत्र यायला उशीर झाला तर तोही टपालवाल्याची वाट पाहत बसत असेल, त्याचा जीवही टांगणीला लागत असेल. परंतु त्या वाट पाहण्याला शेवट आहे. विमुक्त तर जन्माने नागरिक. संविधानाने त्याला कोणताही अर्ज भरावयास लावला नाही. तरीही २६ जानेवारी १९५० नंतर दोन वर्षे सात महिने गुन्हेगार जमातींचा कायदा देशाच्या कायद्यांत जिवंत होता. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. मुंबई राज्याने आधीच, १९४९ साली, तो मोडीत काढला होता हे खरे, पण १९५९ साली याच राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदाचे नाव बदलले, पोलीस पाटलाच्या नजरेत काही बदलले नाही. सेटलमेंटचे कुंपण पंडित नेहरूंच्या हस्ते तुटले, ही आठवण आमच्याकडे विमुक्तदिनाच्या सभेत हटकून सांगितली जाते. तार तोडण्याचा समारंभ होऊ शकतो. दाखला मिळण्याचा समारंभ कोण करणार?

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) हजेरीचा जाच आहे, पण तेथे हजेरी हे बंडाचे कारण होते. माणूस हजेरी नाकारतो आणि नायक होतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) ही वाट बंद झालेली आहे. तेथे आजोबा हजेरी देणारे आहेत आणि नातू शाळेच्या हजेरीपटावर नाव यावे म्हणून धडपडणारा आहे. दोन पिढ्यांत ‘हजेरी’ या एकाच शब्दाचा अर्थ उलटा झाला. मुलाला शाळेत घातले म्हणून जमातीवर संकट आले असे मानणारी वस्ती लेखकाने दाखवली आहे. आपले समीक्षक तिला अंधश्रद्धा म्हणतात. मला ती नुसती अंधश्रद्धा वाटत नाही. ज्यांचे नाव कोणत्याही वहीत गेले की मारच पडला, त्या माणसांनी आणखी एका वहीला भ्यावे, यात अडाणीपणापेक्षा अनुभव अधिक आहे. लेखकाने हे स्पष्टीकरण दिलेले नाही, आणि दिले नाही हे चांगले केले. आपल्याजवळ काय काय नाही, हे सांगत हे पुस्तक सुरू होते. सरकारी अर्जाचे रकाने जणू समोर आहेत आणि त्यांत भरण्यासारखे काहीच नाही.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ची (१९८०) बांधणी निराळी आहे. तेथे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आहे आणि शाळा मात्र जागच्या जागी आहे. गाव बदलले की शिकणे तुटते. वाचक याकडे शिक्षणासाठीची तळमळ म्हणून पाहतो. मी जरा वेगळे पाहतो. स्थिर राहील त्यालाच ओळख द्यायची, हा राज्यसंस्थेचा जुना हट्ट आहे. सेटलमेंटही त्यासाठीच होती. मानेंच्या लेखनात हा हट्ट कोणी शत्रू होऊन पुढे आणत नाही. मायेच्या बापाच्या इच्छेतूनच तो पुढे येतो. म्हणून ते पुस्तक मला अधिक अवघड वाटते. ‘उचल्या’तला राग वाचकाला लगेच मिळतो; ‘उपरा’तला शोधावा लागतो.

आता या दोन्ही पुस्तकांनंतर आलेल्या कायद्याकडे वळू. जातीचे दाखले देणे व तपासणे यासाठी महाराष्ट्राने केलेला कायदा ऑक्टोबर २००१ मध्ये अमलात आला. त्यानुसार विमुक्त व भटक्या जमातीच्या माणसाने आपले कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहणारे आहे, असे दाखवावे लागते. कचेरीच्या भाषेत याला ‘मानीव दिनांक’ म्हणतात. भटक्याला विचारावयाचा प्रश्न कोणता, तर त्या तारखेला तू कुठे राहत होतास! आमच्या सोलापुराहून विजापूरच्या रस्त्याने गेले की भीमेपलीकडे कर्नाटक लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी विजापूरही मुंबई राज्यातच होते. वडार कुटुंब दगड फोडत नदीच्या अलीकडे-पलीकडे करीत होते, त्याला राज्य बदलल्याचे कुणी सांगितले नाही. आज अलीकडचा वडार विमुक्त जातीत आहे आणि पलीकडचा अनुसूचित जातीत. कैकाड्यांचे तर महाराष्ट्रातच दोन भाग आहेत. नागपूर, अमरावतीकडे ते अनुसूचित जातीत, साताऱ्या-सोलापुराकडे विमुक्त. ‘उपरा’तली गाढवे नागपूरच्या वाटेला लागली असती तर लेखकाची घटनात्मक जात बदलली असती. आणि एखाद्या घरी सेटलमेंटच्या जुन्या नोंदीचा उतारा सापडलाच, तर घरात आनंद होतो. पूर्वजाला गुन्हेगार लिहिलेला कागद नातवाच्या शिक्षणाचा आधार होऊन बसतो.

खोटे दाखले घेऊन आमच्या पोरांच्या जागा पळवणारे आहेत, म्हणून तपासणी हवी, हे मला मान्य आहे. ती नको असे म्हणणारा मी नाही. प्रश्न तपासणीच्या नजरेचा आहे. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची रीत घालून दिली, तीत दक्षता पथकाने, विशेषतः आदिवासींच्या बाबतीत, दैवते कोणती, लग्न कसे लागते, मर्तिकाला काय करतात, हे विचारावे असे होते. ही चाचणीच अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०२३ साली सांगितले. हे वाचले तेव्हा मला न्यायालयापेक्षा मराठी समीक्षाच आधी आठवली. गेली चार दशके प्रस्थापित समीक्षेने या आत्मकथनांना नेमके हेच प्रश्न विचारले आहेत. यात जमातीची बोली आहे का? पंचायतीचे वर्णन आहे का? विधी आहेत का? असतील तर ‘अस्सल’, आणि तेच दुसऱ्या पुस्तकात आले की ‘तोचतोपणा’. समीक्षेचे हे दक्षता पथक घरी येते, चहा घेते, देव्हारा पाहून जाते. लेखकाने वाक्य कसे रचले, काय गाळले, कोणत्या जागी गप्प बसला, हे विचारीत नाही. आपणही फार निराळे वागलो नाही. दलित साहित्याच्या इमारतीला जोडून काढलेली पडवी म्हणून आपण विमुक्तांच्या लेखनाला जागा दिली आणि ‘हा खरा आपला का?’ हे दारात उभे राहून विचारत राहिलो.

सोलापूर जिल्ह्यातल्याच करमाळा तालुक्यातून आलेल्या किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) कागदाचा आणखी एक रकाना उघडा पडला आहे. बापाच्या नावाचा. लेखकाने त्या रकान्यात आईचे नाव लिहिले आणि तेच पुस्तकावर छापले. माझ्या मते मराठी आत्मकथनात कागदाशी एवढी सरळ झुंज दुसऱ्या कोणी दिली नाही, कारण येथे लेखक दाखल्याची वाट पाहत नाही, तो स्वतःच भरतो. पुस्तकाचा काही भाग सैल आहे, आईवरचा राग आणि आईची माया यांचा मेळ त्याला शेवटपर्यंत बसवता आलेला नाही. पण मुखपृष्ठावरचे नावच एक विधान आहे. काळे २००७ साली गेले. आईचे नाव सरकारी कागदावर अनिवार्य करण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला २०२४ साली, तोही १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांसाठी.

तरीही एक गोष्ट या सर्व लेखनात मला सापडत नाही. ती म्हणजे वाट पाहणे. मार आहे, चोरी आहे, उपास आहे, मोर्चा आहे. परंतु अर्जाची पावती घेऊन घरी आल्यानंतरचे महिने नाहीत. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ २००१ च्या कायद्यापूर्वीची असल्यामुळे त्यांना हा दोष देणे अन्यायाचे होईल. नंतरच्यांना मात्र द्यावा लागेल. वाट पाहण्यात घटना नसते, म्हणून लेखक तिला टाळतो, आणि आपण समीक्षकांनी त्याला घटनेचीच सवय लावली आहे.

याचा दोष मी माझ्याकडेही घेतो. गेल्या पावसाळ्यात सेटलमेंटमधल्या एका विद्यार्थ्याने मला वहीची अकरा पाने वाचायला दिली. त्याचा प्रवेश पावतीवर झाला होता, वैधता प्रमाणपत्र मुदतीत आणायचे होते आणि ते येत नव्हते. पानांवर बहुतेक तारखाच होत्या. अमुक दिवशी गेलो, साहेब रजेवर. अमुक दिवशी त्रुटी निघाली. अमुक दिवशी बापाचा खाडा झाला. मी त्याला म्हणालो, अरे, यात तुझी वस्ती कुठे आहे? आजी कुठे आहे, तुमची बोली कुठे आहे? म्हणजे दक्षता पथकाचेच प्रश्न मी त्याला विचारले, आणि विचारून झाल्यावर ते माझ्या ध्यानात आले.

तो म्हणाला, “सर, आजी तिसऱ्या पानावर आहे की. तीन कागदांवर तिची तीन वयं निघाली, म्हणून तर फाईल परत आली.”

मी तिसरे पान पुन्हा काढले. तेथे तीन तारखा एकाखाली एक लिहिलेल्या होत्या आणि त्यांपुढे कंसात ‘आजी’ एवढाच शब्द होता.