‘मास इफेक्ट’मधील परग्रहीय जाती आणि लोकसंख्येचा आकडा

वैज्ञानिक कल्पितकथेत परग्रहावरील जीवांचे चित्रण करण्याची एक रूढ रीत आहे. त्यांचे रूप, शरीररचना, वाहने आणि शस्त्रे यांचे वर्णन करावयाचे आणि त्यातून विस्मय उत्पन्न करावयाचा. हे जीव संख्येने किती, ते कशाने वाढतात व कशाने घटतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही; विचारलाच तर आक्रमकांचा लोंढा केवढा मोठा आहे एवढे सांगण्यापुरताच. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने निर्माण केलेल्या ‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेमच्या त्रयीत (२००७, २०१० व २०१२) मात्र हाच प्रश्न आशयाच्या केंद्रस्थानी आलेला दिसतो. या कृतीत लोकसंख्येचा आकडा ही पार्श्वभूमीची माहिती नसून नैतिक संघर्षाची भूमी आहे. ही तिची खरी मिळकत होय. आणि तिचे अपयशही याच ठिकाणी शोधावे लागते.

या कृतीचे रूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. खेळाडू कमांडर शेपर्ड या मानवी सैनिकाची भूमिका घेतो. त्याने पहिल्या भागात केलेली निवड दुसऱ्या व तिसऱ्या भागात त्याच्यापुढे परिणामरूपाने उभी राहते. खेळातच ‘कोडेक्स’ नावाचा एक कोश आहे आणि त्यात प्रत्येक जातीची नोंद तटस्थ, शासकीय अहवालाच्या भाषेत दिलेली आहे. अशा प्रकारे एकाच वस्तूविषयी दोन आवाज ऐकू येतात : कोश आकडे सांगतो, तर प्रत्यक्ष भेटणारी पात्रे त्या आकड्यांखाली जगत असतात. या दोन आवाजांतील अंतर हेच या कृतीचे सर्वांत प्रभावी साधन आहे.

क्रोगन या जातीची कथा याचे उत्तम उदाहरण ठरते. तुचांका हा त्यांचा मूळ ग्रह अत्यंत क्रूर. तेथील श्वापदांच्या तावडीतून थोडीच अपत्ये वाचत, म्हणून निसर्गाने त्यांना विपुल प्रजननशक्ती दिली. पुढे अण्वस्त्रांच्या युद्धात त्यांनी स्वतःच आपला ग्रह उद्ध्वस्त केला. रॅक्नाय नावाच्या कीटकसदृश जातीशी युद्ध चालू असता, सॅलॅरियनांनी या क्रोगनांना अंतराळात आणून सैनिक बनविले. युद्ध जिंकले गेले, बक्षीस म्हणून क्रोगनांना सुपीक ग्रह मिळाले, आणि जेथे श्वापदे नव्हती तेथे तीच प्रजननशक्ती विस्फोटक ठरली. वाढत्या प्रजेला भूमी हवी होती. त्यातून बंड उसळले. ते मोडण्यासाठी सॅलॅरियनांनी ‘जेनोफेज’ हा जनुकीय विकार सिद्ध केला आणि टूरियनांनी तो क्रोगनांवर सोडला. त्यानंतर हजारांत एखादीच गर्भधारणा जिवंत अपत्यापर्यंत पोहोचू लागली. कथा घडते त्या काळी या गोष्टीला चौदाशेहून अधिक वर्षे लोटलेली आहेत.

या इतिहासाची रचना माल्थसच्या १७९८ सालच्या निबंधाची आठवण करून देते. पण साम्यापेक्षा भेद महत्त्वाचा आहे. माल्थसच्या विचारात लोकसंख्येला आवर घालतात ते दुष्काळ, रोगराई आणि मनुष्याचा स्वतःचा संयम. येथे आवर घालणारा एक परका शास्त्रज्ञवर्ग आहे. शिवाय ज्या प्रजननशक्तीला अपराध मानले गेले, ती अन्य परिस्थितीत केवळ जगण्याची अट होती. परिस्थिती बदलली ती सॅलॅरियनांनीच. दोष जातीच्या स्वभावात नसून तिला उपटून दुसरीकडे लावण्यात आहे, हे कथेने कोठेही उच्चरवाने न सांगता घटनांच्या क्रमातूनच सुचविले आहे.

दुसऱ्या भागातील मॉर्डिन सोलस हा सॅलॅरियन शास्त्रज्ञ या प्रश्नाला मुख देतो. क्रोगनांची शरीरे विकाराला हळूहळू प्रतिकार करू लागली, तेव्हा जेनोफेज पुन्हा प्रभावी करणाऱ्या पथकात तो होता. त्याचा युक्तिवाद पोकळ नाही. क्रोगन पुन्हा बेसुमार वाढले तर युद्ध होईल आणि त्या युद्धात त्यांचा समूळ नाश होईल; त्यापेक्षा संख्या स्थिर ठेवणे अधिक दयाळूपणाचे, असे तो गणित मांडतो. तुचांकावरील एका जुन्या रुग्णालयात मात्र या गणिताला प्रेताचे रूप येते. मॉर्डिनचा शिष्य मेलॉन पश्चात्तापाने पोळून विकारावर उपाय शोधीत आहे, आणि त्यासाठी जिवंत क्रोगनांवर अघोरी प्रयोग करीत आहे. तेथे पडलेल्या एका स्त्रीच्या शवापाशी मॉर्डिन थबकतो. ती आपण होऊन प्रयोगाला सामोरी गेली होती, हे कळल्यावर त्याच्या तुटक, वेगवान बोलण्याची लय बिघडते. संपूर्ण त्रयीत एवढे संयमित दृश्य दुसरे नाही.

मराठी वाचकाला हा वाद केवळ काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हा व्यक्तीची, विशेषतः स्त्रीची, इच्छा हा त्यांच्या विचाराचा पाया होता. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले तेव्हा तो पायाच नाहीसा झाला होता. (त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.) संख्या तीच, साधन जवळजवळ तेच, भेद निर्णय कोणाचा, एवढाच. मॉर्डिनच्या गणितात नेमके हेच पद गळलेले आहे.

तिसऱ्या भागात कृती स्वतःशीच विसंगत होते. महाकाय रीपर यंत्रांविरुद्ध सर्व जातींना एकत्र आणणे हे आता शेपर्डचे कार्य आहे. क्रोगनांच्या साहाय्याची किंमत जेनोफेजवरील उपाय; सॅलॅरियनांची प्रमुख मात्र तो उपाय गुपचूप निष्फळ करण्याच्या बदल्यात आपले साहाय्य देऊ करते. ज्या स्त्रीच्या शरीरातून उपाय सिद्ध व्हावयाचा तिला मॉर्डिनने ‘ईव्ह’ हे नाव दिले आहे. ती जगली तरच शेवटी तिचे खरे नाव, बकारा, कळते. ती जगेल की मरेल हे दुसऱ्या भागात मेलॉनची टिपणे जपली की नष्ट केली यावर अवलंबून असते. येथपर्यंत रचना निर्दोष आहे : एका जातीचे भवितव्य आणि एका स्त्रीचे प्राण एकाच धाग्यात ओवले जातात.

परंतु याच भागात मिळविलेल्या प्रत्येक साहाय्याला एक अंक दिला जातो आणि त्या अंकांची बेरीज युद्धसामर्थ्य म्हणून खेळाडूपुढे मांडली जाते. क्रोगन सैन्य म्हणजे अमुक अंक, सॅलॅरियन आरमार म्हणजे तमुक. क्रोगनांचा नेता रेक्स असेल तर फसवणूक त्याच्या ध्यानात येते आणि क्रोगनांचे साहाय्य हातचे जाते. पण पहिल्या भागात रेक्स मारला गेला असेल, आणि त्याच्या जागी रीव्ह हा उथळ, सूडबुद्धीचा नेता असेल, तर तो फसतो; खेळाडूच्या पदरात दोन्ही सैन्ये पडतात. नायकाने एका जातीचे वंध्यत्व चालू ठेवावे आणि फलकावर त्याचा लाभच दिसावा, असा हा हिशेब आहे. हा हेतुपुरस्सर उपरोध आहे, असा बचाव करता येईल. तो पटण्यासारखा नाही. उपरोधाला त्याची जाणीव असलेला कोणी एक डोळा लागतो, आणि बेरजेच्या त्या फलकाला डोळा नाही. ज्या प्रशासकी दृष्टीचा पहिल्या दोन भागांनी इतका सूक्ष्म निषेध केला, तीच दृष्टी येथे खेळाच्या यंत्रणेने निमूटपणे स्वीकारली आहे. स्वीडनमधील पॅराडॉक्स संस्थेच्या ‘स्टेलारिस’ (२०१६) या खेळात खेळाडू प्रथमपासूनच साम्राज्याचा कारभारी असतो आणि जाती त्याच्यापुढे गणनेचे घटक म्हणूनच येतात. तेथे ही विसंगती उद्भवत नाही, कारण तेथे बकारा भेटतच नाही.

अन्य जातींविषयी थोडक्यात सांगता येईल. गृहग्रह गमावलेले १ कोटी ७० लाख क्वेरियन जहाजांच्या ताफ्यात राहतात. जागा मोजकी असल्याने सामान्यतः एका कुटुंबात एकच अपत्य, संख्या घटली तर नियम शिथिल. हा निर्बंध त्यांनी स्वतःवर घातलेला आहे, आणि क्रोगनांच्या शेजारी ठेवला असता त्याचा अर्थ उजळतो. ड्रेल जातीच्या ११ अब्जांपैकी हनारांनी ३ लाख ७५ हजार जीव वाचविले. उरलेले आपल्या मरत्या ग्रहावर संपले. एवढा प्रचंड विनाश कोशातील एका परिच्छेदात आटोपला आहे, हे खटकते.

आणखी एक आक्षेप नोंदविला पाहिजे. या विश्वात क्रोगन लढतात, सॅलॅरियन संशोधन करतात, व्होलस व्यापार करतात. स्वभावाचे वैविध्य प्रामुख्याने मानवांच्या वाट्याला येते. मराठीत ‘जात’ हा शब्द जीवजातीला आणि जन्मसिद्ध सामाजिक विभागाला एकसारखाच लागतो. त्यामुळे जन्मावरून कर्म ठरविण्याची ही व्यवस्था मराठी वाचकाला चटकन ओळखू येते. अपवाद आहेत. दुसऱ्या भागातील ओकीर हा क्रोगन शास्त्रज्ञ संख्येचा विचारच झुगारून एकच परिपूर्ण क्रोगन घडविण्याचा ध्यास घेतो. प्रियेसाठी काव्य म्हणणारा एक क्रोगनही भेटतो. मात्र त्या कवीची योजना हसे उत्पन्न करण्यासाठी आहे, यातच अपवादाची मर्यादा स्पष्ट होते.

रॅक्नायांच्या बाबतीत आकडा एकावर येतो. पहिल्या भागात उरलेली एकमेव राणी जगवावी की मारावी हे खेळाडू ठरवितो. पण तिसऱ्या भागात, ती मारली असली तरी, कृत्रिमरीत्या निपजविलेली दुसरी राणी तिच्या जागी उभी केली जाते आणि तेच कथानक पुढे चालते. जातिनाशासारखी कृती अशा रीतीने दुरुस्त करण्याजोगी ठरली की पूर्वीच्या निर्णयाचे वजन मागाहून काढून घेतल्यासारखे होते.

सर्वांत मौलिक कल्पना गेथ या यांत्रिक जातीची होय. गेथ म्हणजे देह नव्हेत, आज्ञावली होत; त्या एकत्र आल्या की त्यांची बुद्धी वाढते. लीजन या एका देहात १,१८३ आज्ञावली नांदतात आणि तो स्वतःचा उल्लेख अनेकवचनात करतो. अशा जातीची शिरगणती कशी करावयाची? देह मोजावे तर ते वस्त्रासारखे बदलता येतात. आज्ञावली मोजाव्या तर एकटी आज्ञावली विचारही करू शकत नाही. क्रोगनांच्या कथेत आकडा क्रूर होता. येथे तो निरर्थक होतो, आणि लोकसंख्या या संकल्पनेचीच परीक्षा होते. दुर्दैवाने तिसऱ्या भागात रीपरांच्या आज्ञावलीचा अंश देऊन गेथांना व्यक्तित्व बहाल केले जाते. त्यातच लीजनचा अंत होतो, आणि अंतापूर्वी तो स्वतःविषयी एकवचनात बोलतो. हा क्षण करुण आहे व बहुतेक खेळाडूंना तो उन्नतीचा वाटतो. वस्तुतः तेथे मानवाहून सर्वस्वी भिन्न अशी अस्तित्वाची एक रीत मानवी साच्यात ओतली गेली आहे. त्यानंतर गेथांच्या आरमारालाही त्या फलकावर इतरांप्रमाणे एक अंक मिळतो.