ऑर्बिटल संरूपण आणि इलेक्ट्रॉनीय अवस्था : पाठ्यपुस्तकीय मांडणीची एक समीक्षा

प्रस्तावना : पदवी स्तरावरील रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत द्विअणू रेणूंचे विवेचन बहुधा एकाच साच्यातून जाते. ऊर्जास्तरांची आकृती काढावयाची, इलेक्ट्रॉन भरावयाचे, बंधक्रम व चुंबकीय गुणधर्म सांगून प्रकरण संपवावयाचे. यातून संरूपण म्हणजेच अवस्था, असा समज विद्यार्थ्यांत नकळत रुजतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

विवेचन : ऑक्सिजन रेणूचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन दोन समऊर्जी प्रतिबंधी पाय ऑर्बिटलांत असतात. स्पिन धरून जागा चार होतात. म्हणून पाउलीच्या विवर्जन तत्त्वानुसार सहा मांडण्या संभवतात. रेणूच्या अक्षावर प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या कक्षीय कोनीय संवेगाचे मूल्य +1 किंवा −1 असते. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच ऑर्बिटलात असल्यास बेरीज +2 वा −2 येते. ही सिंगलेट डेल्टा अवस्था होय. उरलेल्या चार मांडण्यांत बेरीज शून्य असते. त्यांतून ट्रिप्लेट सिग्मा-ऋण अवस्थेचे तीन व सिंगलेट सिग्मा-धन अवस्थेचा एक घटक मिळतो. दोन, तीन आणि एक मिळून सहा, असा हिशेब जुळतो. हुंड यांच्या नियमानुसार ट्रिप्लेट अवस्था सर्वांत खाली असते. तिच्या वर डेल्टा सुमारे 0.98 व सिग्मा-धन सुमारे 1.63 इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. संरूपण एकच, अवस्था मात्र तीन.

येथेच रूढ आकृतीतील दोष उघड होतो. दोन ऑर्बिटलांत एक बाण वर व एक खाली दाखवून तिला 'सिंगलेट ऑक्सिजन' म्हटले जाते. वस्तुतः अशी एकटी मांडणी शुद्ध सिंगलेटही नव्हे आणि शुद्ध ट्रिप्लेटही नव्हे. तिच्या उलट मांडणीशी तिचे संयोग घेतल्यावरच एक ट्रिप्लेट व एक सिंगलेट घटक वेगळे होतात. हा भेद केवळ तांत्रिक नाही. हवेतील ऑक्सिजन सेंद्रिय पदार्थांशी सामान्य तापमानास मंद गतीने का अभिक्रिया करतो, याचे एक प्रमुख कारण त्याची ट्रिप्लेट अवस्था हेच आहे.

हुंड यांच्या नियमाची मर्यादाही सांगितली जात नाही. हा नियम एकाच संरूपणातील अवस्थांना लागू पडतो. द्विअणू कार्बनमध्ये दोन भिन्न संरूपणांतील सिंगलेट सिग्मा व ट्रिप्लेट पाय या अवस्थांत अंतर केवळ 0.09 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे. स्वान पट्टांवरून ट्रिप्लेट हीच मूळ अवस्था असल्याचे दीर्घकाळ मानले गेले. 1963 मध्ये बॅलिक व रॅम्झी यांच्या वर्णपटीय अभ्यासाने सिंगलेट अवस्था खाली असल्याचे सिद्ध केले. क्रम ठरविण्याचा अंतिम अधिकार प्रयोगाचाच, हे यावरून दिसते.

समारोप : संरूपण कोणत्या अवस्था शक्य आहेत हे सांगते, त्यांचा ऊर्जाक्रम ते एकटे सांगू शकत नाही. सहा मांडण्यांचा तक्ता फळ्यावर मांडण्यास एक तासिका पुरते. बंधक्रमाच्या ठरावीक प्रश्नाऐवजी हा तक्ता परीक्षेत विचारला गेल्यास अध्यापनालाही योग्य दिशा मिळेल, असे वाटते.